पोत्याबरोबर की पोत्याच्या बरोबरीची? युरियाचं पोतं आणि नॅनो युरियाची बाटली

साहित्य मंडळाच्या अंकात खतावर लेख कशाला, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं विचारलं. तिचा प्रश्न रास्त होता. पण आपल्या मंडळात खानापूर, येळ्ळूर, नंदगड, जांबोटी या बाजूनं येणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्या घरी भात आहे, मका आहे, कुणाकडे जोंधळा आहे. दुकानातून खत आलं की पोत्यावरचं आणि बाटलीवरचं लेबल वाचून सांगायचं काम घरातल्या शिकलेल्या पोराकडं येतं, म्हणजे आपल्याकडं. शिवाय हा प्रश्न मुळात एका शब्दाचा आहे. म्हणून साहित्याच्या विद्यार्थिनीनं त्यात तोंड घातलं तर फार बिघडणार नाही.

शब्द आहे ‘बरोबर’. ‘मी तुझ्याबरोबर येते’ म्हणजे सोबत येते. ‘तो माझ्या बरोबरीचा आहे’ म्हणजे तोलामोलाचा आहे. गेली चार-पाच वर्षं नॅनो युरियाबद्दल जे बोललं जातं, त्यात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. अर्ध्या लिटरची बाटली पोत्याबरोबर वापरायची आहे, की ती पोत्याच्या बरोबरीची आहे? पहिल्या अर्थानं वापरली तर फार तर बाटलीचे पैसे जातील. दुसऱ्या अर्थानं वापरली तर पीक जाऊ शकतं. हा फरक नीट समजून घ्यायचा तर आधी नायट्रोजन समजून घ्यावा लागेल.

पिकाला नायट्रोजन लागतो कशाला?

भाताचं पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळं. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती नायट्रोजनचे चार. दाण्यातलं प्रथिन तर नायट्रोजनशिवाय तयारच होत नाही. प्रथिनाच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. तो कमी पडला की झाड आधी जुन्या, खालच्या पानांतला नायट्रोजन काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. घरातली म्हातारी माणसं स्वतः कमी खाऊन पोरांच्या ताटात वाढतात, तसंच काहीसं.

गंमत अशी की हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, पण भात, गहू, मका, जोंधळा यांना तो तसाच घेता येत नाही. चवळी, उडीद, ताग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून देतात. तृणधान्यांना ती सोय नाही. पूर्वी शेणखत, पालापाचोळा, कडधान्याचा फेर यांवर भागायचं. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन एकत्र आणून अमोनिया करून दाखवला, आणि कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी १९१३ मध्ये ओपाऊ इथं त्याचा कारखाना उभा राहिला. आजचा युरिया त्याच अमोनियापासून होतो. आपल्या शेजारी गोव्यात झुआरीनगरला असा कारखाना आहे.

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. ४५ किलोचं पोतं म्हणजे २०.७ किलो नायट्रोजन. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पोत्यातलं सगळं पिकाला मिळत नाही

युरियावर टीका होते ती उगाच नाही. जमिनीवर पडलेला युरिया, मातीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळं काही दिवसांतच अमोनियमच्या रूपात येतो. वरवर फेकलेला असेल तर त्यातला काही अमोनिया वायू होऊन उडून जातो. उरलेल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपतं किंवा वाहून जातं. भातखाचरात पाणी साचलेलं असलं की तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचं पुन्हा वायूत रूपांतर करतात. त्यात नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमान वाढवणारा आहे.

या सगळ्या गळतीतून भाताच्या वाट्याला घातलेल्या युरियातला साधारण ३० ते ४० टक्के नायट्रोजन येतो. बाकीच्यातला बराचसा हवेत आणि पाण्यात जातो. आपल्याकडं खानापूरच्या पश्चिम अंगाला पाऊस कसा पडतो हे मी सांगायला नको. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. त्या डोंगरउतारावरच्या खाचरात आज फेकलेला युरिया रात्रीत धो धो पाऊस आला तर उद्या ओढ्यात असतो. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढलं तर तान्ह्या बाळांना त्याचा सगळ्यात जास्त धोका.

पैशांचाही प्रश्न आहे. शेतकऱ्याला ४५ किलोचं पोतं कडुलिंबाचा लेप आणि कर धरून सुमारे २६६ रुपयांना मिळतं, कारण खऱ्या किमतीचा मोठा भाग सरकार अनुदान म्हणून भरतं. वर, युरियासाठी लागणारा वायू आणि काही तयार युरियाही बाहेरून आणावा लागतो. म्हणजे युरियाचा वापर कमी व्हायला हवा, ही गरज अगदी खरी आहे. तो कशानं कमी होईल, यावर मतभेद आहे.

बाटली आली

इफ्को या सहकारी खत संस्थेनं २०२१ च्या मे महिन्याच्या शेवटी द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आणला. त्याआधी फेब्रुवारीत केंद्र सरकारनं त्याला खत नियंत्रण आदेशात जागा दिली होती. २८ मे २०२२ ला गुजरातमधल्या कलोल इथल्या कारखान्याचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. बाटली ५०० मिलीची. किंमत सुरुवातीला २४० रुपये, पुढं २२५, तीही अनुदानाशिवाय. दावा असा की ही एक बाटली युरियाच्या एका पोत्याचं काम करते, युरियाचा वापर निम्म्यापर्यंत कमी करता येतो, आणि ११,००० हून जास्त शेतांवर ९४ पिकांत घेतलेल्या चाचण्यांत उत्पादन सरासरी ८ टक्के वाढलं.

नॅनो म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. या खतातले कण २० ते ५० नॅनोमीटरचे आहेत, ते पानावरच्या रंध्रांतून आत शिरतात, पेशींत साठून राहतात आणि लागेल तसा नायट्रोजन देतात, असं सांगितलं जातं. कल्पना देखणी आहे. खत मातीत पडतच नाही, मग झिरपणार काय आणि उडणार काय?

आता लेबल वाचू. पहिल्या बाटलीत नायट्रोजनचं प्रमाण होतं ४ टक्के, म्हणजे १०० मिलीत ४ ग्रॅम. ५०० मिलीत किती? २० ग्रॅम.

पोत्यात २०.७ किलो, बाटलीत २० ग्रॅम. हजारपटीहून जास्त फरक. नंतर २० टक्क्यांची ‘नॅनो युरिया प्लस’ आली. तिच्यात १०० ग्रॅम होतात. तरीही पोतं २०७ पट मोठंच.

हिशेब तांदळात करून बघू

‘पण युरियाचा निम्म्याहून जास्त भाग वाया जातो, बाटलीतलं सगळं लागू पडतं,’ असं उत्तर मिळतं. ठीक आहे. बाटलीच्या बाजूनं जितकं उदार होता येईल तितकं होऊ. तिच्यातला एकही कण वाया जात नाही असं धरू. पोत्यातला मात्र फक्त ३५ टक्के भाग पिकाला मिळतो असं धरू. आणि दोन्हीकडं, पिकाला मिळालेला सगळा नायट्रोजन दाण्यातच गेला असं समजू.

बाटलीतल्या २० ग्रॅम नायट्रोजनपासून सुमारे १२५ ग्रॅम प्रथिन होईल. तांदळात साधारण साडेसात टक्के प्रथिन असतं. म्हणजे ही बाटली फार तर दीड-पावणेदोन किलो तांदळाला पुरेल एवढा नायट्रोजन देते.

पोत्यातल्या २०.७ किलोपैकी ३५ टक्के म्हणजे सव्वासात किलो नायट्रोजन. त्याचं प्रथिन होतं ४५ किलो. ते सुमारे ६०० किलो तांदळाला पुरतं.

दीड-दोन किलो एका बाजूला, सहा क्विंटल दुसऱ्या बाजूला. एकरी २० क्विंटल भात पिकवायचं तर पीक ३० ते ४० किलो नायट्रोजन कुठून तरी उचलणारच. २० ग्रॅम त्यात चिमूटभर मिठाएवढेसुद्धा नाहीत. नॅनो करून कणाचा आकार बदलतो, नायट्रोजनचे अणू वाढत नाहीत. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार लोक जेवले ही गोष्ट आपण चर्चमध्ये ऐकतो, पण ती आपण चमत्कार म्हणून ऐकतो. खताच्या शिफारशीला तो आधार चालत नाही.

आकाराबद्दलही एक साधी गोष्ट आहे. साधा युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो. विरघळला की त्याचे सुटे रेणू होतात, आणि युरियाचा एक रेणू एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो. म्हणजे बारीकपणाच हवा असेल तर तो चमचाभर युरिया बादलीत ढवळूनही मिळतो. पानांवर २ टक्के युरियाची फवारणी करायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे. एकरी १२५ लिटर पाणी धरलं तर अडीच किलो युरिया लागतो. त्यात १.१५ किलो नायट्रोजन असतो, ४ टक्क्यांच्या सत्तावन्न बाटल्यांइतका. खर्च पंधरा रुपयांच्या आसपास.

कोपनहेगन विद्यापीठातले मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड यांनी २०२३ मध्ये ‘प्लँट अँड सॉइल’ या नियतकालिकात नॅनो युरियाच्या दाव्यांवर कडक टीका केली. त्यांच्या टीकेतही हा प्रमाणाचा मुद्दा आहे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही, गुणाकार-भागाकार पुरतो.

शेतात काय दिसलं?

तरीही नुसत्या हिशेबावर थांबू नये. नॅनो कणांमुळं झाडाच्या आत काही वेगळं घडत असेल, मुळं जास्त नायट्रोजन उचलत असतील, असा युक्तिवाद केला जातो. अशक्य म्हणून तो झटकून टाकता येत नाही, पण तो शेतात दिसायला पाहिजे.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं भात आणि गहू या पिकांवर दोन वर्षं प्रयोग केले. शिफारशीतल्या युरियाचा काही हिस्सा काढून त्या जागी नॅनो युरियाची फवारणी केली. पूर्ण मात्रा दिलेल्या शेताच्या तुलनेत गव्हाचं उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचं १३ टक्के घटलं. दाण्यांतलं नायट्रोजनचं प्रमाणही कमी झालं. नायट्रोजन कमी म्हणजे प्रथिन कमी. ज्या घरात डाळ रोज परवडत नाही, तिथं प्रथिनाचा मोठा वाटा भात-पोळीतूनच येतो. त्यामुळं हे नुकसान तराजूवर दिसतं त्यापेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या बाजूला, पाऊण मात्रा युरिया आणि नॅनो युरियाच्या दोन फवारण्या दिल्यावर पूर्ण मात्रेइतकं पीक आलं, असे निष्कर्षही वाचायला मिळतात. मग खरं काय? दोन्ही खरं असू शकतं, आणि याच ठिकाणी वाचकानं सावध राहायला पाहिजे.

समजा, तुम्ही रोज चार चमचे साखर घालून चहा पिता. एक दिवस तीन चमचे घातली, वर वेलदोडा टाकला, आणि चहा तितकाच आवडला. श्रेय वेलदोड्याचं का? कदाचित तीनच चमचे पुरेशी होती. हे ठरवायचं तर तीन चमच्यांचा, वेलदोडा नसलेला कपही प्यायला हवा. शेतात तो कप म्हणजे पाऊण मात्रा युरिया आणि नुसत्या पाण्याची फवारणी. ज्या चाचणीत हा तुकडा नाही, तिच्यातून बाटलीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. बऱ्याच शेतांत मुळातच गरजेपेक्षा जास्त युरिया पडतो. तिथं थोडा कमी केला तरी पीक तेवढंच येणार, बाटली असो वा नसो.

दुसरी मेख जमिनीची. मातीतल्या सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन साठलेला असतो. खत कमी पडलं की पीक त्या शिलकीतून उचलतं. पहिल्या वर्षी उत्पादन घटत नाही आणि आपल्याला वाटतं, चाललं की! बँकेतली ठेव मोडून घर चालवलं तर पहिली काही महिने पगार नसल्याचं जाणवत नाही, तसं हे. तांबड्या, उताराच्या, सेंद्रिय पदार्थ कमी असलेल्या जमिनीत ही शिल्लक लवकर संपते.

‘बरोबर’ वापरायची तर कशी?

गंमत म्हणजे खुद्द उत्पादकांच्या सूचना नीट वाचल्या तर त्या ‘ऐवजी’पेक्षा ‘सोबत’च्या जवळ जातात. लावणीच्या वेळी डीएपी किंवा मिश्रखतातून दिला जाणारा नायट्रोजन कमी करू नका, असं तिथं स्पष्ट म्हटलेलं असतं. कपात सुचवली जाते ती वरखताच्या युरियात. फवारणी लिटरला २ ते ४ मिली, पहिली फुटवे येताना, म्हणजे ३० ते ३५ दिवसांनी, आणि दुसरी त्यानंतर २० ते २५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या आधी. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची.

पण वरखत हे काही शोभेचं खत नाही. फुटवे येताना मिळालेल्या नायट्रोजनवर लोंब्या किती येणार हे ठरतं, आणि पोटरीच्या सुमाराला मिळालेल्या नायट्रोजनवर लोंबीत दाणे किती भरणार हे. त्यातला एक अख्खा हप्ता काढून २० ग्रॅमवर विसंबायचं, ही जोखीम मोठी आहे.

त्यात आपल्याकडचा पाऊस. पानावरची फवारणी लागू पडायला पान काही तास कोरडं राहायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकी फुटव्यांच्या वेळी, खानापूर-जांबोटीला असे तास शोधावे लागतात. फवारलं आणि अर्ध्या तासात सर आली की बाटली ओढ्याला.

मग नॅनो खतं साफ निरुपयोगी का? तसं मी म्हणणार नाही. झिंक, बोरॉन यांसारखी अन्नद्रव्यं पिकाला एकरी ग्रॅममध्येच लागतात. तिथं कमी मात्रेत, पानातून, नेमकं पोचवणारं तंत्र कामाचं ठरू शकतं, कारण गरज आणि बाटली एकाच मापाच्या आहेत. नायट्रोजन किलोंनी लागतो. अत्तर थेंबानं पुरतं, पाणी थेंबानं पुरत नाही.

युरिया वाचवायचे माहितीतले मार्ग

युरिया कमी करायचाच असेल, आणि करायला हवाच, तर गळती थांबवणं हा सरळ रस्ता आहे. २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया कडुलिंबाचा लेप दिलेला असतो. त्या लेपामुळं अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. एकदम सगळं न फेकता हप्त्यांनी घातलं, पाऊस तोंडावर असताना हात आवरला, तर बरंच वाचतं. भातासाठी पानांच्या रंगाचा तक्ता मिळतो. त्यावर हिरव्या छटांच्या पट्ट्या असतात. सगळ्यात वरचं पूर्ण उघडलेलं पान त्याला लावून बघायचं, आणि ठरलेल्या छटेपेक्षा फिकट असलं तरच खत द्यायचं.

आपल्या शेजारी कोकणात ‘चारसूत्री भात लागवड’ रुजवायचे प्रयत्न झाले. भाताचा पेंढा आणि तुसाची राख शेताला परत देणं, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणं, ठरावीक अंतरावर लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचणं ही ती चार सूत्रं. खत चिखलात खोल गेल्यामुळं उडतही नाही आणि वाहतही नाही. मजुरी जास्त लागते हा तोटा आहे, पण युरियाची बचत खरी आहे आणि तिचं कारण समजण्यासारखं आहे. भाताआधी ताग किंवा धैंचा पेरून गाडणं हा तर आजोबांच्या काळचा मार्ग.

यातल्या कशाचीही जाहिरात भिंतींवर दिसत नाही. कारण उघड आहे. गिरिपुष्पाची फांदी बाटलीत भरून विकता येत नाही.

दुकानातला प्रश्न

गेल्या पावसाळ्यात काकांबरोबर मी खत आणायला गेले होते. दुकान कुठलं ते महत्त्वाचं नाही. दुकानदार म्हणाले, “दोन पोती पायजेत तर एक बाटली घ्यायला लागतंय बघा.” काका म्हणाले, “नको मला बाटली.” “मग पोतं पण नाही. आम्हाला पण वरनं तसंच येतंय, काय करू?” काकांनी बाटली घेतली. ती अजून गोठ्यातल्या फळीवर आहे. अशी जोडून विक्री करू नये असं सरकारनंही सांगितलेलं आहे. पण लावणी तोंडावर असताना नियम वाचून दाखवत बसायला कुणाला वेळ असतो?

इथं ‘बरोबर’चा तिसराच अर्थ निघतो, गळ्यात बांधलेली. पोत्याबरोबर घ्यायला लावायची आणि पोत्याच्या बरोबरीची म्हणून सांगायची. ज्याची किंमत भरली ती वस्तू वापरून टाकावी असं कुणालाही वाटतं. आणि ‘हिच्यात एक पोतं आहे’ असं ऐकलेलं असलं की पुढच्या वेळी एक पोतं कमी आणलं जातं. नुकसान तिथं सुरू होतं.

आपण काय करू शकतो?

माझ्या किंवा कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. ज्यांच्या घरी खाचर आहे त्यांनी या हंगामात एक प्रयोग करून बघावा. सारख्या जमिनीचे एक-एक गुंठ्याचे चार तुकडे घ्या. मध्ये चांगले बांध घाला, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्यात जाणार नाही. बी, लावणीची तारीख, लावणीचं खत सगळ्यांना एकच.

पहिल्या तुकड्याला वरखताचे सगळे हप्ते द्या. उरलेल्या तिघांना शेवटचा हप्ता देऊ नका. त्याऐवजी दुसऱ्यावर नुसतं पाणी फवारा, तिसऱ्यावर लेबलप्रमाणे नॅनो युरिया, आणि चौथ्यावर २ टक्के साधा युरिया. फवारण्या एकाच संध्याकाळी करा. कापणीला चारही तुकड्यांचं भात वेगळं झोडा, सारखं वाळवा आणि वजन करा.

एकरी २० क्विंटलच्या शेतात एका गुंठ्याला ५० किलो भात येतं. लुधियानासारखी १३ टक्के घट झाली तर साडेसहा किलोंचा फरक पडेल. तो साध्या तराजूवरही दिसतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं वजन सारखं आलं, तर बाटलीनं काही केलं नाही. तिसऱ्याचं स्पष्ट जास्त आलं, तर माझा हिशेब कुठंतरी कमी पडतो आणि बाटलीला मान द्यायला हवा. पहिल्या आणि दुसऱ्याचं सारखं आलं, तर सगळ्यात चांगलं. इतकी वर्षं आपण तो शेवटचा हप्ता उगाच फेकत होतो, तो फुकटात वाचला. मात्र जमिनीतल्या शिलकीमुळं एका वर्षावर निकाल देऊ नका. तेच चार तुकडे, तसेच, पुढच्या वर्षीही करा.

सप्टेंबरच्या ८ तारखेला मारिया माउलीच्या सणाला नवी कणसं आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. गणपती-गौरीच्या दिवसांत शेजारच्या घरांतही नव्या भाताचा मान असतो. त्या कणसातला दाणा भरला की पोचट राहिला, हे जुलै-ऑगस्टमध्ये पोटात गेलेल्या नायट्रोजनवर ठरतं, आणि तो किलोंनी मोजला जातो. तेव्हा यंदा घरात बाटली आली तर झाकण उघडण्याआधी मागचं लेबल वाचा, टक्के आणि मिलीचा गुणाकार करा, आणि घरच्यांना आकडा ग्रॅममध्ये सांगा. ‘पोत्याबरोबर’ वापरायची की नाही, ते त्यांचं ते ठरवतील. ‘पोत्याच्या बरोबरीची’ मात्र ती नाही, एवढं नक्की सांगा.